हात आवरण्याचं शिक्षण

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या मागे पोरांनी किल्ला केला. विटा, पोती, माती सगळं त्यांनीच गोळा केलेलं. मोठी मुलं बुरुज रचत होती आणि चार वर्षांच्या एका मुलीकडे अळीव पेरायचं काम आलं होतं. ती एकेक दाणा चिमटीत धरून ओल्या मातीत दाबत होती. भुरभुरवला असता तर मिनिटाभरात काम उरकलं असतं, आणि तसं तिला सांगणारी आम्ही दोन-तीन वडीलधारी माणसं तिथे उभी होतो. शेवटी तिच्या बाबांना राहवेना. त्यांनी वाटी घेतली, मूठभर अळीव उधळला आणि म्हणाले, "झालं बघ!" मुलगी जरा वेळ बसली, मग उठून निघून गेली. किल्ला तीन-चार दिवसांत छान हिरवा झाला.

या अंकाची तयारी करताना बालवाडीत हयात घालवलेल्या एका बाईंना मी हा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, "दाणा धरतात ती तीन बोटं आणि पेन्सिल धरतात ती तीन बोटं एकच. तुम्ही लिहायला शिकवायची घाई करता आणि लिहिण्याची तयारी हातातून काढून घेता." हसत म्हणाल्या, पण लागायचं तिथे लागलं. तिच्या बाबांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. मूल काहीतरी करत असताना आपला हात कधी आवरायचा, हे कुणीतरी शिकवावं लागतं. यंदाचा अंक आम्ही ते शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांसाठी राखला आहे.

विषय ठरला तेव्हा पहिली शंका आमच्याच कचेरीतून आली. "बालवाडीच्या बाईंना ट्रेनिंग कसलं? मुलांची आवड असली की झालं." शंका घरातूनच आली हे बरं झालं, कारण बहुतेक महाराष्ट्राचं मत हेच आहे. सातवीला गणिताचे सर महिनाभर नसले तर पालक शाळेत जाऊन भांडतात. तीन वर्षांच्या तीस मुलांसमोर कोण उभं आहे, त्या व्यक्तीनं कुठे आणि काय शिकलं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. भिंतीवर कार्टून रंगवलेली असली, नावात 'किड्स' असलं आणि फी जरा टोचण्याइतकी असली की आपला विश्वास बसतो.

पुणे जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत मी एका सकाळी दोन तास बसलो होतो. ताई गोष्ट सांगत होत्या. गोष्ट रंगात आली असताना एक मुलगा मध्येच म्हणाला, "आमची शेळी मेली." मला वाटलं, आता ताई म्हणणार, नंतर सांग हं बाळा. त्यांनी गोष्ट तिथेच ठेवली. कधी मेली, कशानं, कोण रडलं, असं विचारत गेल्या. मग दुसऱ्याच्या घरच्या शेळ्या आल्या, कुणाची गाभण निघाली, कुणाच्या करडाचं नाव कळलं. एका मुलीनं शेळी चारा कशी खाते ते करून दाखवलं, आणि मग सगळा वर्ग चरायला लागला. वीस मिनिटं गेली. गोष्टीतला कोल्हा बिचारा विहिरीपाशीच उभा होता. नंतर ताई मला म्हणाल्या, ती शेळीवाली मुलगी जूनपासून पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहिली. त्यांनी हे वहीतही लिहून ठेवलं.

प्रशिक्षण म्हणतात ते हेच. लाजरं मूल आणि ऐकू कमी येणारं मूल वरवर सारखंच दिसतं. पहिल्याला वेळ द्यायचा असतो, दुसऱ्याला लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. फरक ओळखता आला नाही तर वर्षं वाया जातात. दुसऱ्याला चावणारं तीन वर्षांचं मूल दुष्ट नसतं, त्याच्याकडे अजून शब्द आलेले नसतात. मेळघाटात कोरकू बोलणारं, तांड्यावर गोरमाटी बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत येऊन गप्प बसलं, तर ते मंद म्हणून गप्प बसलेलं नसतं. नुसत्या मायेनं यातलं काही कळत नाही. आई-आजीच्या मायेसमोर एक-दोन मुलं असतात, इथे पंचवीस असतात आणि त्यांतलं एकही आपलं नसतं.

असं प्रशिक्षण मराठी मुलखाला नवीन आहे असंही नाही. सुरुवात शेजारच्या गुजरातेत झाली. तिथे गिजुभाई बधेका वकिली करत होते. स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं मारिया माँटेसोरींचं बालशिक्षणावरचं लेखन वाचून ते या कामात ओढले गेले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत. मिशावाली आई! (शंभर वर्षं झाली, या क्षेत्रात दुसरी मिशी शोधायला अजूनही दिवा लागतो.) त्यांच्या सोबतीला ताराबाई मोडक गेल्या, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचं प्राचार्यपद सोडून. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. या दोघांनी एक गोष्ट पहिल्यापासून पक्की धरली होती. शिक्षक घडवण्याची शाळा मुलांच्या शाळेला लागून हवी. सकाळी मुलांमध्ये राहायचं, काय दिसलं ते लिहायचं, मग त्यावर बोलायचं. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केलं तेव्हा अध्यापनाचा वर्ग त्याच आवारात आला. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात खुद्द मारिया माँटेसोरी मद्रासजवळ अड्यारला शिक्षक घडवायला आल्या. काही महिन्यांसाठी आलेल्या बाई महायुद्धामुळे इथेच अडकल्या, आणि देशभरातल्या शेकडो शिक्षकांना त्यांच्या हाताखाली शिकायला मिळालं.

इथवरची गोष्ट मध्यमवर्गाची होती. खरी परीक्षा पुढे झाली. १९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, ताराबाई दादर सोडून डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. पुण्याच्या हुजूरपागेत कैक वर्षं शिकवलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेल्या, मिळेल तशा शिकलेल्या. बोर्डीला दोघींच्या लक्षात आलं की दादरची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. बालवाडी मांडून बसलं तर मुलंच येत नाहीत. कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलं, कुणी गुरांमागे गेलेलं. मग दोघी पाड्यावर गेल्या. पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरली, तीच अंगणवाडी. हा शब्द ताराबाईंचा. दिवसाची सुरुवात अंघोळीनं व्हायची, मग नखं कापायची, केस विंचरायचे. माँटेसोरीची महागडी लाकडी साधनं बाजूला राहिली आणि शिंपले, चिंचोके, पानं, खडे आले. लहान-मोठं ओळखायचं, मोजायचं, लावायचं, सगळं त्यातून.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, म्हणजे भावंड सांभाळणारी मुलगी भावंडासकट शाळेत येऊ शकेल. गुराखी मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, त्याला नाव पडलं कुरणशाळा. मला या सगळ्यात थक्क करते ती या दोघींची शिकण्याची तयारी. ताराबाई तोवर गुजरात-महाराष्ट्रात बालशिक्षणातला शेवटचा शब्द मानल्या जात होत्या. तरी वारली आदिवासी मुलांसमोर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अनुताई १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत, त्याच कामात राहिल्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात अशी सुमारे १४ लाख केंद्रं आहेत, महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या घरात. शब्द गेला, पण त्यामागची शाळा तितकीशी गेली नाही. सहा सेवा एका बाईच्या अंगावर आल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि उरलेल्या वेळात पूर्वप्राथमिक शिक्षण. वजन नोंदवायचं राहिलं तर वरून विचारणा होते. शेळीची गोष्ट राहिली तर कोण विचारणार? आता नोंदी मोबाइलवर आल्या. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी बिघडलेले सरकारी मोबाइल परत केले होते, ते वाचकांना आठवत असेल. घरी न्यायच्या शिध्यासाठी चेहरा पडताळणीही आली आहे. रेंज नसलेल्या पाड्यावर सेविका फोन वर धरून उभी असते आणि मागे मुलं त्यांच्या परीनं शिकत असतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला, ही मोठी गोष्ट आहे. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेलीला वर्षभराची पदविका, असं त्यात म्हटलं आहे. काम चालू ठेवून, टीव्हीच्या वाहिन्यांवरून आणि मोबाइलवरून शिकायचं, महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग. २०२३ पासून 'पोषण भी पढाई भी' या नावानं काही दिवसांची शिबिरं होत आहेत, खेळातून शिकवण्यावर त्यांचा भर आहे, आणि ते चांगलंच आहे. लाखो बायकांना एकदम वर्गात बसवता येत नाही, हे मान्य.

पण भाजणीच्या चकलीची कृती मोबाइलवर पाहून करणाऱ्या वाचकांना माझी अडचण पटेल. चकली तेलात विरघळायला लागली की मोबाइल काही बोलत नाही. शेजारी आजी असेल तर ती सांगते, मोहन जास्त झालं. बालवाडीच्या शिक्षिकेला अशी आजी लागते. आठवड्यातून एकदा तिच्या वर्गात येऊन कोपऱ्यात बसणारी, आणि मुलं गेल्यावर "तो मुलगा तुझ्याकडे तीनदा आला, तू पाहिलंस का?" असं विचारणारी. मुख्यसेविकेनं, म्हणजे सेविकांच्या पर्यवेक्षिकेनं, ते करावं अशी अपेक्षा असते. पण तिच्याकडे वीस-पंचवीस केंद्रं, बैठका आणि अहवाल. ती येते तेव्हा रजिस्टर बघते. या एका पदाचं ओझं हलकं केलं आणि तिला मुलांकडे बघायला शिकवलं, तर दहा नव्या शिबिरांपेक्षा जास्त फरक पडेल असं माझं मत आहे.

खासगी बालवाड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण चीड आवरत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात वर्कशीट, घरी गृहपाठ, आणि शिकवणारी मुलगी बऱ्याचदा पंधरा दिवसांच्या तयारीवर उभी. तिचा दोष नाही. पालकांना जूनमध्ये ए-बी-सी-डी आणि डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलनातला नाच हवा असतो. ती ते देते. मुलांना मिळणारा शिक्षणाचा कायदेशीर हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या वर्षांसाठी २००९ च्या कायद्यानं सरकारला सोय 'करता येईल' एवढंच म्हटलं आहे.

आता दिवाळीचं बोलू. राज्य सरकार अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना दिवाळीला २००० रुपये देतं. त्याचं नाव बोनस नाही, नाव आहे 'भाऊबीज भेट'. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गोड वाटलं होतं. मग बाकीचे शब्द शेजारी ठेवून पाहिले. शिक्षिका नाही, सेविका. पगार नाही, मानधन. आणि ओवाळणी. बहीण भावाकडे हिशेब मागत नाही, ही आपली रीत आहे, आणि ती इथे सरकारच्या फार सोयीची पडते. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या दिवसांत किती घरांत त्याची चर्चा झाली? आमच्या मासिकानंही त्यावर एक ओळ लिहिली नव्हती. ही कबुली या पानावर असलेली बरी. जे काम कुणालाही जमतं असं आपण धरून चालतो, त्याला पगार देत नाही, आणि पगार नाही म्हणून ते शिकायला कुणी वर्षं घालत नाही. मुलाखतींसाठी फिरलेल्या आमच्या प्रतिनिधींना प्रत्येक जिल्ह्यात हीच तक्रार ऐकायला मिळाली.

अंकात कथा आणि कविता नेहमीसारख्या आहेत, व्यंगचित्रंही आहेत. घाबरू नका.  

एक विनंती आहे. दिवाळीची सुट्टी संपून अंगणवाडी पुन्हा भरली की आपल्या वस्तीतल्या केंद्रावर एक सकाळ जाऊन बसा. ताईंना आधी विचारून जा. मुलांना कविता म्हणून दाखवायला सांगू नका, फोटो काढू नका, मदतही करू नका. नुसतं बघा, आणि काय दिसलं ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी आठ पानं मोकळी ठेवली आहेत.

शुभ दीपावली.