मार्गदर्शकाचा राग

मंद्रूपच्या एका भगिनींचें पत्र आलें आहे. 2023 च्या जून महिन्यांत बंगलोर येथें झालेला भारत-पाकिस्तान फुटबॉल सामना त्यांच्या घरीं थोरामोठ्यांनीं मिळून पाहिला. त्यांत मैदानाबाहेर घालविलेल्या आपल्या मार्गदर्शकाचा पक्ष वडील मंडळी अजून घेतात. आणि शाळेच्या संघांत खेळणारा धाकटा मुलगा हल्लीं पंचांच्या अंगावर धांवून जातो व वर तोच दाखला देतो. “आपल्या पोरांसाठीं भांडला, यांत त्याचें काय चुकलें?” असा आजोबांचा सवाल आहे.

प्रथम घडलें काय तें पाहूं. 21 जून रोजीं कंठीरव मैदानावर मध्यंतर जवळ आलें होतें आणि भारत दोन गोलांनीं पुढें होता. पाकिस्तानचा खेळाडू रेषेबाहेर गेलेला चेंडू आंत फेंकणार, तोंच आमचे तत्कालीन मार्गदर्शक इगोर स्टिमॅक यांनीं तो त्याच्या हातांतून उडविला. पंचांचा निर्णय त्यांना अन्यायाचा वाटला होता. उभय पक्षांचे खेळाडू एकमेकांवर धांवले, आणि स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळालें. प्रसंग पडल्यास पुन्हां असेंच करीन, असें त्यांनीं दुसऱ्या दिवशीं जाहीर केलें. 27 जून रोजीं कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हां लाल कार्ड मिळालें. आतां दोन सामन्यांची बंदी आणि 500 डॉलर दंड झाला. दंडाची रक्कम क्षुल्लक. पण ते दोन सामने म्हणजे उपांत्य आणि अंतिम!

मार्गदर्शकाला कार्ड दाखविण्याचा अधिकार पंचांना खेळाच्या नियमांनीं 2019 सालीं दिला. प्रतिपक्षाला खेळ सुरू करूं न देण्यासाठीं चेंडू अडविणें हा तेथें लाल कार्डाचाच अपराध आहे. बाकावरील मंडळींपैकीं अपराधी कोण हें कळलें नाहीं, तर शिक्षा मुख्य मार्गदर्शकाच्या माथीं येते. एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषांना हा न्याय नवा वाटूं नये!

गोव्यांत 23 ऑक्टोबर 2014 रोजीं फातोर्डा येथील सामन्याच्या मध्यंतरांत कलकत्त्याच्या संघाचे मार्गदर्शक हबास आणि गोव्याचा खेळाडू पिरेस यांच्यांत झटापट झाल्याचें प्रकरण गाजलें. शिस्तपालन समितीनें पहिल्या निकालांत दोघांनाही पांच-पांच लाखांचा दंड केला; बंदी मात्र खेळाडूला दोन सामन्यांची आणि मार्गदर्शकाला चार सामन्यांची. ही विषमता मला रास्त वाटते. खेळाडूचा राग त्याच्यापुरता असतो. मार्गदर्शकाचा राग अकरा जणांना आज्ञेसारखा वाटतो. आजोबांच्या प्रश्नाचें माझें उत्तर हेंच. पोरांसाठीं भांडणारा माणूस ऐन वेळीं पोरांपाशीं नव्हता.

त्या दोन सामन्यांत संघाची धुरा गोव्याच्या महेश गवळी यांनीं वाहिली. लेबाननशीं गोलशून्य बरोबरी होऊन पेनल्टींवर 4-2 असा, आणि 4 जुलै रोजीं कुवेतशीं 1-1 अशा बरोबरीनंतर 5-4 असा जय मिळाला. स्टिमॅक नव्हते म्हणून जिंकलों असें म्हणणें अर्थात् अन्यायाचें होईल. संघ घडविला त्यांनींच.

भगिनींनीं आतां एवढेंच करावें. शाळेच्या शिक्षकांनीं मुलाला एखाद्या सामन्यांतून वगळलें, तर घरांतून कोणीं रदबदली करूं नये. त्या दिवशीं त्याला घरीं मात्र ठेवूं नये. मैदानाच्या कडेला बसून सबंध सामना पाहूं द्यावा. आणि जमल्यास आजोबांनींही शेजारीं बसावें.