वार्धक्यावर औषध हवें, पण कशासाठीं ?

आमची आजी ओसरीवरून उठतांना एका हातानें खांब धरते आणि दुसरा हात गुडघ्यावर ठेविते. गेल्या दिवाळीच्या सुटींत तिनें मला विचारलें, "काय रे, म्हातारपण घालविणारें औषध निघालें आहे म्हणे ! तुझ्या शास्त्राच्या पुस्तकांत आहे का तें ?" शेजारच्या एका गृहस्थांनीं जाहिरात पाहून तसल्या गोळ्यांची डबी आणिली होती, ती आजीच्या दृष्टीस पडली होती. मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. पुढें शास्त्राच्या शिक्षकांच्या साहाय्यानें जें वाचलें, त्यावरून बनलेलें माझें मत येथें मांडीत आहें.

जरेचा तिटकारा मनुष्यास आजचा नाहीं. शुक्राचार्यांच्या शापानें अकालीं वृद्ध झालेल्या ययातीनें आपल्या पुत्रांपाशीं तारुण्याची याचना केली, आणि च्यवन ऋषींस अश्विनीकुमारांनीं पुन्हां तरुण केलें, या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु शरीर जीर्ण कां होतें, याचा शोध पेशींपर्यंत पोंचला तो विसाव्या शतकांत. अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदानें १९१२ सालीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी कांचपात्रांत वाढविण्यास आरंभ केला. तो प्रयोग १९४६ पर्यंत चालला, व पेशी अमर आहेत असा समज रूढ झाला. १९६१ सालीं फिलाडेल्फिया येथील विस्टार इन्स्टिट्यूटमध्यें लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनीं तो समज खोडून काढला. मानवी गर्भांतील पेशी सुमारें ५० वेळां विभागतात व मग थांबतात, असें त्यांनीं दाखवून दिलें.

थांबलेली पेशी मरतेच असें नाहीं. शास्त्रज्ञ तिला 'सेनेसंट' म्हणतात. आपण तिला जीर्ण पेशी म्हणूं. काम सोडलेला माणूस चावडीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यास चिथवीत राहावा, तशी ही पेशी दाह उत्पन्न करणारीं द्रव्यें भोंवतालीं सोडीत राहते. तरुणपणीं शरीराची रोगप्रतिकारक शक्ति अशा पेशींची विल्हेवाट लावते. वय वाढतें तशा त्या सांठत जातात, व सांधे, फुप्फुसें, रक्तवाहिन्या यांना त्यांचा उपद्रव होतो.

मग त्या काढून टाकल्या तर ? अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें २०११ सालीं असा प्रयोग झाला. अकालीं वृद्ध होणाऱ्या उंदरांतील जीर्ण पेशी नष्ट करतांच त्यांचा मोतीबिंदू व स्नायूंची झीज लांबणीवर पडली. आयुष्य मात्र फारसें वाढलें नाहीं. २०१६ सालीं साधारण उंदरांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हां त्यांचें आयुष्यहि वाढलें. मध्यंतरीं, २०१५ सालीं, या पेशींना मारणारीं औषधें सांपडल्याचें प्रसिद्ध झालें होतें. त्यांना 'सेनोलिटिक' म्हणतात. त्यांतील प्रसिद्ध जोडी म्हणजे रक्ताच्या कर्करोगावरील डॅसॅटिनिब आणि कांदा, सफरचंद यांत आढळणारें क्वेर्सेटिन.

येथपर्यंत वाचून कोणाचेंहि मन हरखेल, माझेंहि हरखलें. परंतु उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. २०१९ सालीं फुप्फुसें घट्ट होण्याचा असाध्य विकार जडलेल्या १४ रोग्यांना ही जोडी दिली, तेव्हां त्यांचें चालणें कांहींसें सुधारलें. पण तुलनेसाठीं औषधाविना ठेवलेला गट तेथें नव्हता. २०२० सालीं एका अमेरिकन कंपनीनें गुडघ्यांत टोंचण्याचें निराळें औषध अजमाविलें. खोट्या औषधाहून त्यानें अधिक आराम पडला नाहीं. आजीच्या गुडघ्यांचा प्रश्न होता, म्हणून ही हकीकत वाचतांना मी विशेष खट्टू झालों. २०२४ सालीं ६० वयस्क स्त्रियांवर २० आठवडे केलेल्या प्रयोगाचें फळ प्रसिद्ध झालें. त्या जोडीनें हाडांची झीज थांबल्याचें दिसलें नाहीं.

शिवाय जीर्ण पेशी निव्वळ शत्रु आहेत असें समजणें चूक होय. बिघडलेली पेशी विभागण्याचें थांबते, म्हणूनच पुष्कळदां कर्करोग टळतो. जखम भरून येण्यासहि या पेशी साहाय्य करितात. ज्या घरांत चोर आणि पहारेकरी एकाच वेषांत वावरतात, तेथें डोळे मिटून काठी चालविणें शहाणपणाचें नाहीं. डॅसॅटिनिब हें औषधहि कांहीं निरुपद्रवी नव्हे. त्यानें रक्तांतील पेशी घटतात, व कधीं फुप्फुसाभोंवतीं पाणी सांचतें. यास्तव मनुष्यांवरील प्रयोग पुरे होईपर्यंत, वैद्यकीय देखरेखीवांचून, केवळ तारुण्याच्या लोभानें कोणींहि अशीं औषधें घेऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप निघेल, व तो खरोखर बळकट आहे. थांबा असें सांगणें तरुणास सोपें. म्हाताऱ्यांपाशीं थांबण्यास दिवस कोठें आहेत? हें दुःख मी नाकारीत नाहीं. परंतु ज्यांचे दिवस थोडे, त्यांचेच दिवस जाहिरातीच्या भरंवशावर पणास लावणें अधिक निर्दयपणाचें नव्हे काय ? त्यांची कणव येत असेल, तर असे प्रयोग अधिक व्हावे, ते नीट व्हावे, आणि फसलेल्या प्रयोगांची हकीकतहि लोकांस कळावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

आणि हेतूहि तपासला पाहिजे. ययातीनें तारुण्य मागितलें तें भोगासाठीं, व मुलाचें तारुण्य घेऊनहि त्याची तृप्ति झाली नाहीं. माझ्या आजीनें शंभर वर्षें मागितलीं नाहींत. तिला विहिरीपर्यंत विनासायास चालत जावयाचें आहे. शास्त्रानें आपलें बळ या साध्या मागणीमागें लावावें. आयुष्य कांहींसें वाढलें तर तो लाभच. पण अखेरचीं वर्षें परावलंबी न होतां जावीं, हें पहिलें कार्य होय.

येत्या सुटींत आजीनें पुन्हां विचारलें, तर मी सांगेन : "आजी, तें औषध अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, शोध चालू आहे. तोंवर ती डबी नको. डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम कर, आणि मी घरीं असेन तेव्हां उठतांना खांब न धरतां माझा हात धर."