माळ्यावरचे रुमाल वाचवायला हवेत

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद आणि दुर्मीळ पोथ्या. १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी ही संस्था स्थापन केली. परंतु तेथील संपत्ती मुळात देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या वाड्यांतून आलेली आहे, याचा समाजाला विसर पडू लागला आहे.

एका घरातल्या कागदाचे मोल किती असू शकते? भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांनी पिढ्यानपिढ्या जपलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ चा नव्हे, तर १९ फेब्रुवारी १६३० चा, या निर्णयाचा तो प्रमुख आधार ठरला. जेध्यांनी तो कागद रद्दी मानला असता तर?

हा प्रश्न आज मुळशीला विचारायला हवा. पौड मावळ, मुठे खोरे, कोरबारसे ही स्वराज्याची पहिली भूमी. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढा होऊनही येथील गावे धरणाच्या पाण्याखाली गेली. गाव उठते तेव्हा आधी धान्य आणि भांडीकुंडी हलतात. जुन्या दफ्तराची पाळी शेवटी येते. आज पाणी नसले तरी जमिनींचे व्यवहार आहेत. वाडा पाडला जातो आणि माळ्यावरचा रुमाल बंबात जातो.

वतनाचे कागद परक्या हाती कसे द्यावेत, ही कुटुंबांची शंका रास्त आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्याचे स्मरण देऊन, संस्था तरी सुरक्षित कोठे, असेही कोणी विचारील. त्या आघाताने शिकविले ते हेच, की अमोल कागदाची एकच प्रत कोठेही एकटी राहू नये. मूळ कागद घरी राहो. त्याचे छायाचित्र आणि नोंद अभ्यासकांकडे पोहोचो.

यासाठी शासनाच्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी चौकशी करावी, तरुणांनी मोडी शिकावी. राजवाडे कागदांसाठी पायी हिंडले. आता पौडहून पुणे तासा-दीड तासावर आहे. उणीव अंतराची नाही, आस्थेची आहे.