आपल्या भागांतील कला आणि पाहणारा डोळा

शिरूरकडील मंडळी पुण्यास जातात तीं बहुधा दवाखाना, खरेदी किंवा कोर्टकचेरी यांकरितां. दौंडकरांना तर आगगाडी दाराशींच आहे. त्यांपैकीं कित्येकजण नोकरीनिमित्त नित्य ये-जा करितात. परंतु चित्रांचें प्रदर्शन पाहावयाचें म्हणून मुलाबाळांसह कोणी गाडींत बसल्याचें आमच्या तरी पाहण्यांत फारसें आलेलें नाहीं. प्रदर्शन म्हणजे शहरांतील सुखवस्तु लोकांची करमणूक, त्यांतलें आपणांस काय कळणार, असा समज आपल्यांत दृढ झाला आहे. हा समज चुकीचा तर आहेच. पण त्यापायीं आपल्याच मुलांचें नुकसान होत आहे, असें आमचें मत आहे.

कला आपल्या मातीस परकी नाहीं. शिरूर तालुक्यांतील इनामगांव येथें घोडनदीच्या कांठीं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तीन हजार वर्षांपूर्वीं तेथें नांदलेल्या शेतकऱ्यांच्या वस्तींत तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगानें काढलेली नक्षी आढळली. कुंभाराची भट्टीहि सांपडली. हीं भांडीं कोणा राजाच्या दरबाराकरितां घडविलेलीं नव्हतीं. तीं घरांत रोज वापरावयाचीं होतीं. घडविणारा व वापरणारा एकाच गांवांत राहत असल्यामुळें एकाच्या हाताची पारख दुसऱ्याच्या डोळ्यास सहज होत असली पाहिजे. आज त्या भांड्यांचीं छायाचित्रें आपण पुस्तकांत कौतुकानें पाहतों. मात्र आपल्या शेजारीं आज जो हात रंगवीत आहे, त्याच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं.

तें लक्ष गेल्यानें काय होऊं शकतें याचें एक उदाहरण सांगतों. अलिबागजवळील सासवणें या गांवीं १८९१ सालीं विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. लहानपणीं त्यांनीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर काढलेलें चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्यांच्या साहाय्यानें हा खेड्यांतील मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत पोहोंचला. पुण्यास शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत १९२८ सालीं उभारलेला श्रीशिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही त्यांचीच कृति होय. सासवणें येथील त्यांचें राहतें घर आज शिल्पांचें संग्रहालय झालें आहे. गांवच्याच माणसांच्या व जनावरांच्या त्या मूर्ति पाहिल्या म्हणजे कलेला विषय शोधण्याकरितां दूर जावें लागत नाहीं, हें पटतें. पण त्या भिंतीवरून कलेक्टरसाहेबांची नजर तशीच पुढें गेली असती तर? आपल्या गांवांतील कोणकोणत्या भिंतींवरून आपली नजर तशी रोज पुढें जात असेल?

आमच्या शाळांतून दरवर्षीं कितीतरी मुलेंमुली एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांस बसतात. श्रेणी मिळाली कीं शालान्त परीक्षेंत कांहीं वाढीव गुण पदरांत पडतात. पालकांस समाधान होतें, आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. कित्येक ठिकाणीं तर परीक्षा जवळ आली कीं चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो. मुलाचें चित्र गुणांसाठीं तपासलें गेलें. पण तें पाहिलें कोणीं?

“चित्रें काढून पोट भरतें काय?” हा पालकांचा प्रश्न आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. चित्रकाराची मिळकत बेभरंवशाची असते, हें खरें आहे. प्रत्येक मुलानें चित्रकार व्हावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु रेषा, प्रमाण व रंग यांची जाण सुताराला, शिंप्याला, छायाचित्रकाराला आणि घर बांधणाऱ्या इंजिनियरालाहि उपयोगी पडते. शिवाय ज्याच्या अंगीं खरोखरच गुण आहे, त्याला ‘हें चांगलें झालें आहे’ असें जाणतेपणानें सांगणारा कोणी तरी घरांत वा गांवांत हवा. ही जाण पाहून पाहूनच येते.

तेव्हां आधीं पाहावयास जावें. पुण्यास १९६८ सालीं उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरास जोडून कलादालन आहे. मुंबईचें जहांगीर कलादालन १९५२ पासून चालूं असून तेथें प्रवेशास पैसे पडत नाहींत. एखादें नवें चित्र प्रथम कळणार नाहीं. त्यांत झाड, घर, माणूस कांहींच नसेल. अशा वेळीं हंसून पुढें जाऊं नये. घटकाभर उभें राहावें, आणि चित्रकार तेथें असला तर त्याला निःसंकोचपणें विचारावें. विचारणाऱ्याचा त्याला राग येत नाहीं, उलट आनंदच होतो.

प्रदर्शनाहूनहि अधिक शिकविणारी गोष्ट म्हणजे काम चालूं असतां तें पाहणें. कांहीं शहरांतून कलावंत ठराविक दिवशीं आपल्या स्टुडिओचीं दारें सर्वांस खुलीं करितात. अर्धवट चित्र, पुसलेली रेघ, फसलेला सांचा हें सारें तेथें दिसतें, आणि कला ही जादू नसून मेहनत आहे, हें मुलांस कळतें. आपल्याकडे ही चाल अगदींच नवी नाहीं. गणेशचतुर्थीपूर्वीं मूर्तिकाराच्या कारखान्यापुढें मुलें तासन् तास उभीं असतात. मूर्तीचे डोळे रेखावयाची वेळ आली कीं सर्वांचा श्वास रोखला जातो. ती आपली खुली चित्रशाळाच होय. त्या मुलांस ‘अभ्यास सोडून येथें काय करतां’ म्हणून हांकलूं नये.

आमची सूचना साधी आहे. शिरूर व दौंड येथील शाळांनीं स्नेहसंमेलनाचे वेळीं एक दिवस चित्रकलेचा वर्ग गांवास खुला करावा. भिंतींवर मुलांचीं चित्रें लावावीं. त्यांच्या शेजारीं गांवांतील मूर्तिकार, पाट्या रंगविणारे, कुंभार व कलाशाळेंतून शिकून आलेले तरुण यांस बसवून सर्वांदेखत काम करण्याची विनंती करावी. याला खर्च थोडा आणि लाभ मोठा आहे.

पालकांस एवढेंच विनवितों कीं, त्या दिवशीं अवश्य यावें, आणि आपल्या मुलाच्या चित्रासमोर उभें राहून श्रेणी विचारण्यापूर्वीं तें चित्र क्षणभर नीट पाहावें.