तंजावरला उभ्या उभ्या जाऊ नका

भात झोडून झालं, घरात धान्य आलं, की पौड, पिरंगुट, माले या भागातून दक्षिणेच्या यात्रेच्या गाड्या निघतात. तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी, मदुराई ही नावं ठरलेली. तंजावरच्या वाट्याला बहुतेकदा एखादा तास येतो, तोही भर दुपारचा. देऊळ बंद, दगड तापलेले, पाय भाजतात म्हणून माणसं आल्या पावली गाडीत बसतात. मुळशीकरांनो, एवढ्या लांब जाऊन असं करू नका. तंजावरला एक मुक्काम द्या.

तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात मराठीत लिहिलेला मोठा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरला राज्य उभं केलं. ते १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षं, चाललं. त्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात गणपतीचं देऊळ आहे, तेही सरफोजींनी नव्यानं बांधलेलं. त्या बाजूच्या ओवरीत जा आणि भिंतीशी उभे राहा. भाषा जुन्या वळणाची आहे, सगळं एका दमात लागणार नाही. पण शहाजी, शिवाजी, एकोजी ही नावं शोधा. एकोजी म्हणजेच व्यंकोजी.

देऊळ त्याहून कितीतरी जुनं. चोळ राजा पहिला राजराज याने ते १०१० मध्ये पुरं केलं. शिखर दोनशे फुटांहून उंच, सगळं काम ग्रॅनाइटचं. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल. सावली पडते, दुपार कलली की स्वतः बघा. त्यापेक्षा जोत्याकडे नजर टाका. तिथे तमिळ लेखांच्या ओळीच्या ओळी आहेत. देवाला कुणी काय दिलं, दिव्याच्या तुपासाठी कुणाकडे किती जनावरं सोपवली, हे सारं त्यांत नोंदलेलं आहे. देवळाच्या ४०० नर्तकींची नावं आणि त्यांची घरं कोणत्या आळीत होती, हेसुद्धा आहे. त्यांचा मेहनताना भातात ठरलेला होता: एका वाट्याला वर्षाला १०० कलम. कलम हे तिकडचं धान्याचं माप. कावेरीचा तो मुलूख आजही भाताचाच आहे. आंबेमोहोर पिकवणाऱ्याला तिथली खाचरं परकी वाटणार नाहीत.

लिहून ठेवलेल्याची किंमत आपल्याला ठाऊक असायला हवी. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर आपल्या आजोबा-पणजोबांनी मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरीही गावं पाण्याखाली गेलीच. घरं गेली, त्यांच्याबरोबर देवळंही गेली. आता त्यांची माहिती सहजासहजी मिळत नाही. तंजावरला मात्र हजार वर्षांचा हिशेब भिंतीवर शाबूत आहे. तो न बघता परतणं हे आपलंच नुकसान.

आता व्यवहाराचं. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे दिवस असतात, म्हणून यात्रा जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा. जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पोळ्यासारखी जनावरांची पूजा होते तेव्हा, देवळातल्या अवाढव्य नंदीला भाज्या-फळांनी सजवतात. गर्दी सोसत असेल तर तो दिवस साधा. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात, ती चारनंतर उघडतात. म्हणून आदल्या रात्री तंजावरला पोहोचा आणि सकाळी लवकर दर्शन घ्या, म्हाताऱ्या माणसांचे पायही भाजणार नाहीत. दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय पाहा. या ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं जपलेली आहेत. संध्याकाळी पुन्हा देवळात या, शिखरावरचं ऊन उतरताना बघायला मिळेल.

एक विनंती मात्र कळकळीची. शिलालेखाच्या अक्षरांवर हळद-कुंकू, तेल, पावडर काहीही लावू नका. फोटो नीट यावा म्हणून खडूही फिरवू नका. बोटं फिरवल्यानंसुद्धा अक्षरं झिजतात.

गाडी ठरवणाऱ्यांनो, यंदा कार्यक्रम लिहितानाच तंजावरपुढे मुक्काम असं लिहा. आणि यात्रेत शाळकरी मुलं असतील, तर सरफोजींच्या लेखापुढे त्यांना उभं करून चार ओळी मोठ्यानं वाचायला लावा.