मियाँ, मांजर आणि इस्तंबूलचं भाड्याचं घर

उर्दू येणाऱ्याला तुर्की भाषा अर्धी फुकटात मिळते, असं म्हणतात. ते खरंच आहे. किताबला ते 'किताप' म्हणतात, दुनियेला 'द्युन्या', साबणाला 'साबुन' आणि पनीरला 'पेयनिर'. पण हे फुकटातलं अर्धं घेऊन परक्या मुलखात आठ दिवस बिऱ्हाड मांडलं की उरलेलं अर्धं आपली किंमत वसूल करतं. वाचकहो, ते कसं, तेच या वेळी सांगतो.

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. कधी सासूबाईंचा गुडघा, कधी लेकीची बारावी, कधी निवडणुकीची ड्यूटी. यंदाच्या मे महिन्यात एकदाचे निघालो. हॉटेल न घेता घर भाड्यानं घेतलं, कारण आमच्या मियाँना साखर आहे. गोळी वेळेवर, जेवण वेळेवर, आणि गोळी घेतली की अर्ध्या तासात ताट समोर, असा डॉक्टरांचा हुकूम.

इस्तंबूल शहर दोन खंडांत वसलंय. आमचं घर आशियाकडच्या उस्कुदारमध्ये, चौथ्या मजल्यावर. बोटीनं वीसेक मिनिटांत युरोपात जायचं आणि संध्याकाळी आशियात परत यायचं. मियाँना याचं फार अप्रूप. रोज म्हणायचे, "मॅडम, चला, खंड बदलून येऊ."

पहिली अडचण लिफ्टमध्ये आली. खाली जायला बटणांत शून्य शोधलं, नाही. एक होता, दोन होता, आणि खाली नुसतं इंग्रजी 'झेड'. मियाँ म्हणाले, हे तळघर असणार. दोन दिवस आम्ही पहिल्या मजल्यावर उतरून जिन्यानं खाली जात होतो. तिसऱ्या दिवशी एका शाळकरी पोरानं ते बटण दाबलं आणि म्हणाला, 'झेमिन'. म्हणजे आपली जमीन! 1928 साली तुर्कांनी अरबी लिपी सोडून रोमन घेतली. तीच आम्हाला नडली. जुन्या लिपीत लिहिलं असतं तर आम्ही लांबूनच वाचलं असतं.

न्हाणीघराचं थोडक्यात सांगतो, कारण हे घरंदाज मासिक आहे. तिथल्या कमोडमध्येच एक बारीक नळी बसवलेली असते आणि तिची चावी बाजूच्या भिंतीवर. नावही ओळखीचं, 'तहारेत'चा नळ. सोय उत्तमच. फक्त ही चावी कशाची, हे समोर वाकून, पूर्ण फिरवून बघायचं नसतं. मियाँनी त्या दिवशी तिसऱ्यांदा कपडे बदलले.

मग गरम पाण्याचा बॉयलर बंद पडला. घरमालकिणीनं कारागीर धाडला. त्यानं झाकण उघडलं, कुठंतरी पिळलं, हात पुसले आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "तमाम!" मियाँचा चेहरा उतरला. "काम तमाम झालं म्हणतोय. आता नवीन बॉयलरचे पैसे आपल्या डिपॉझिटमधून जाणार." तो बिचारा अंगठा दाखवून पुन्हा पुन्हा 'तमाम, तमाम' म्हणतोय आणि हे हिशेब करतायत. नळ सोडला तेव्हा वाफाळतं पाणी आलं. त्यांच्याकडे तमाम म्हणजे 'झालं, ठीक आहे'.

शनिवारी रात्री मालकिणीची चिठ्ठी दारात होती. त्यात दोनच गोष्टी, 'पाझार' आणि 'दहा'. दहा वाजता बाजारात भेटायचं, असा सरळ अर्थ लावून आम्ही सकाळी भाजीबाजारात उभे. एक तास उभे होतो, दोन किलो चेरी घेतल्या. तिकडे त्या बाई नव्या चादरी घेऊन आमच्या दारात उभ्या. तुर्कीत रविवारलाही पाझारच म्हणतात.

आता मांजराचं. इस्तंबूलमध्ये मांजरं माणसांइतक्याच हक्कानं वावरतात. दुकानात, बाकड्यावर, मशिदीच्या अंगणात. बुधवारी संध्याकाळी मियाँनी गोळी घेतली, आम्ही मसूरडाळीचं पातेलं उतरवलं, आणि तेवढ्यात एक पिवळं मांजर दारातून आत शिरलं. त्याला हुसकत आम्ही दोघंही जिन्यात आलो. बॉस्फरसचा वारा सुटला होता. दार धाडकन मिटलं. तिथली दारं लोखंडी, बाहेरून फिरवायची मूठच नसते. चावी आत, फोन आत, डाळ आत. आम्ही घरातल्या सपाता घालून बाहेर, आणि मांजर पायरीवर बसून अंग चाटतंय.

अर्धा तास गेला. वरखाली दारं वाजवून झाली. मियाँ विनोद करत होते, मग करेनासे झाले. कपाळावर घाम दिसला तसं आमच्या पोटात गोळा आला. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई भाजी घेऊन आल्या. अशा बाईंना तिथं 'तेय्झे' म्हणतात, म्हणजे मावशी. खुणेनं दार दाखवलं, त्यांना कळलं. त्यांनी घरात नेऊन बसवलं, कुणाला तरी फोन लावला. आता गोळीचं कसं सांगायचं? मियाँकडे बोट दाखवून आम्ही म्हटलं, "शकर, शकर!"

तेय्झेंना आनंद झाला. त्या आत गेल्या आणि काचेच्या वाटीत मिठाई घेऊन आल्या. तुर्कीत 'शेकेर' म्हणजे साखर आणि गोड गोळ्याही. बावीस वर्षांची सवय, आमचा हात आपोआप वाटीवर आडवा गेला. तेय्झे गोंधळल्या. मियाँकडे बघून विचारलं, "हस्ता?"

हस्ता म्हणजे आजारी. मियाँना मराठी ऐकू आलं, आणि ते खरंच हसले. पण हसताना त्यांचे हात थरथरत होते, ते तेय्झेंनी पाहिलं. त्यांनी कपाटातून एक छोटी पेटी काढली, तर आत साखर तपासायचं मशीन, अगदी आमच्यासारखंच. म्हणजे त्यांनाही साखर! त्यांनी स्वतःच मियाँच्या बोटाला सुई टोचली. आकडा आला 61. त्याला तर्जुमा लागत नाही. मशीनकडे त्यांनीही पाहिलं, आम्हीही पाहिलं, आणि आमचा हात वाटीवरून निघाला. चेरीच्या सरबताचा मोठा ग्लास त्यांनी आपल्या हातानं मियाँच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, 94. तेय्झेंनी हात वर करून 'एलहमदुलिल्लाह' म्हटलं. हा एक शब्द तरी दोन्हीकडे सारखाच निघाला. मग आम्ही थोडं रडून घेतलं. मियाँ म्हणाले, "मॅडम, वाटी परत आणायला सांगा."

कुलूपवाल्यानं प्लॅस्टिकचा पातळ तुकडा फटीत सरकवून दोन मिनिटांत दार उघडलं. पैसे तेय्झेंनी दिले. मियाँ नोटा पुढे करायला लागले तर त्या हात झटकून म्हणाल्या, "मिसाफिर!" मियाँ म्हणाले, "हो हो, मुसाफिर, हिंदुस्तानचे." त्या पुन्हा, "मिसाफिर!" आता आवाज चढलेला. दोघं भांडतायत असं वाटून कुलूपवाला पटकन सटकला. खाली राहणाऱ्या पोरानं सांगितलं, मिसाफिर म्हणजे पाहुणा. आपल्याकडे वाटेवरचा, त्यांच्याकडे घरातला.

निघायच्या दिवशी टॅक्सी आली. तेय्झे हातात पाण्याचं भांडं घेऊन खाली आल्या. जाणारा माणूस पाण्यासारखा सुखरूप जावा आणि तसाच परत यावा, म्हणून मागून पाणी ओतायची तिथं रीत आहे. आम्ही गाडीत बसलो होतो. मियाँ मात्र मांजराला निरोप द्यायला मागे वळले होते. विमानतळापर्यंत त्यांची पँट काही वाळली नाही.