पिकअप गाडीचे शॉकअप आणि ओढण्याचे ओझे

शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाड्या आता खेडोपाडी दिसतात. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगाव येथील बाजारात टोमॅटोचे कॅरेट पोहोचविणारी गाडीच टंचाईच्या दिवसांत मागे पाण्याच्या टाकीचा दुचाकी ट्रेलर जोडून फळबागेकडे निघते. अशा गाडीचा मागील भाग दबलेला दिसला की मालक मिस्त्रीला ‘भारी शॉकअप’ बसविण्यास सांगतो. रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या जागी, असा हा प्रकार होय.

ओझे पेलतात ते कमानीचे पाटे; शॉकअप नव्हे. खड्ड्यातून चाक उसळले म्हणजे पाटे वाकतात, पुन्हा ताठ होतात आणि असे हेलकावे घेत राहतात. ते हेलकावे लवकर शांत करणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीतील तेल बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते व हेलकाव्यातील शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. गाडी मर्यादेत भरलेली असूनही दबत असेल, तर पाटे थकले आहेत असे समजावे. मर्यादेबाहेर भरली असेल, तर ओझे उतरविण्यावाचून दुसरा उपाय नाही. ट्रेलरच्या दांडीचा हुकावर पडणारा भारही गाडीच्याच ओझ्यात धरावयास हवा, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

या भाराचा परिणाम तरफेप्रमाणे होतो. पुढील व मागील आसांत ३ मीटर अंतर असून हुक मागील आसाच्या १.२ मीटर मागे असेल, तर हुकावरील १०० किलोग्रॅम भारामुळे मागील आसावर १४० किलोग्रॅम वाढतात आणि पुढील आसावरून ४० किलोग्रॅम कमी होतात. पुढची चाके हलकी झाल्याने सुकाणूची पकड सैल होते. त्यात मागचे शॉकअप निकामी असतील, तर प्रत्येक खड्ड्यागणिक पुढची चाके आळीपाळीने जड व हलकी होत राहतात. उतारावर, स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर मागून रेटत असता, ही स्थिती जिवावर बेतू शकते. अर्धवट भरलेली टाकी तर विशेष त्रासदायक. आतील पाणी पुढेमागे आदळून गाडीला हिसके देते. टाकीत आडव्या पडद्या नसतील, तर ती अर्धी भरून नेऊ नये.

जादा पाटा घालून घेण्याची चाल सर्वत्र आहे. पाटा वाढला की कमान कडक होते व तिची उलट उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही. रिकामी गाडी मग उड्या मारते, आणि कमी भरलेल्या गाडीतील टोमॅटो बाजारात पोहोचण्यापूर्वीच ठेचाळतो. पाटा बदलावयाचा तर त्याच्या जोडीला शॉकअपचाही विचार व्हावा. त्याची पूर्ण ताणलेली व पूर्ण दबलेली लांबी कमानीच्या नव्या उंचीशी जुळली पाहिजे. सर्वांत कडक तो सर्वांत चांगला, ही समजूत टाकून द्यावी. सर्वसाधारण कामास वायूचा दाब असलेला दुहेरी नळीचा शॉकअप पुरेसा होतो, कारण त्यातील तेलाला सहसा फेस येत नाही. एकेरी नळीचा प्रकार अधिक लवकर थंड होतो. परंतु दगड लागून नळीला पोचा पडल्यास तो अडकतो. बाहेरून स्प्रिंग गुंडाळलेले शॉकअप गाडी थोडी उचलतात खरे, पण ते ओझे शॉकअपच्या बोल्टांवर येते आणि ते बोल्ट त्यासाठी केलेले नसतात.

नळीवर तेलाचा पुसट थर दिसल्यास घाबरू नये; ती ओली होऊन तेल ठिबकत असेल, तर शॉकअप बदलावा. टायरवर जागोजागी खळगे पडणे व बुश खिळखिळे होणे याही खुणा पाहाव्यात. गाडी हाताने दाबून पाहण्याची रीत मागील पाट्यांच्या बाबतीत फसवी आहे, कारण पाट्यांचे आपसातील घर्षणच हेलकावा थांबविते.

एका आसावरील दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलावेत. जुने सोडण्यापूर्वी आसाला भक्कम टेकू द्यावा. दुहेरी नळीचा नवा शॉकअप उभा धरून चारपाच वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. त्याचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये. ओरखडा पडल्यास सील फाटते. रबरी बुशांचे नट मात्र गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच अखेरचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेले राहून लवकर तुटते.